दोन याद्या आणि एक गाव
गावांच्या दोन याद्या जोडून पुनरुक्त नावे वगळणे वरकरणी सोपे भासते. परंतु प्रत्येक नाव आधीच्या सर्व नावांशी ताडून पाहू गेल्यास १०,००० भिन्न नावांसाठी सुमारे ५ कोटी तुलना कराव्या लागतात. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत २०१५ साली आलेल्या ‘सेट’ या रचनेमुळे हा खटाटोप टळतो. तिच्यात प्रत्येक नाव एकदाच, प्रथम आले त्या क्रमाने राहते.

तथापि संगणक अर्थ जाणत नाही. तो केवळ संकेतांक ताडतो. ‘कऱ्हाड’मधील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि त्याखालील टिंब अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांस एकच दिसणारे गाव मग दोनदा गणले जाते. म्हणून ‘नॉर्मलाइझ’ या क्रियेने नावे आधी एकरूप करावीत. याद्या नंतर जोडाव्यात.