पिल्लांचा खोका गच्च झाकू नका

"बारीक जीव आहे, वारा लागता कामा नये," असं म्हणत एक दिवसाच्या पिल्लांचा खोका चारी बाजूंनी गोणपाटानं गुंडाळायचा, वरून चादर टाकायची आणि आत शंभरचा बल्ब पेटता ठेवायचा. परसातलं कुक्कुटपालन कितीतरी घरांत असंच सुरू होतं. सकाळी चार पिल्लं मेलेली दिसली की दोष हॅचरीचा, नाहीतर थंडीचा. पुढच्या खेपेला गोणपाट दुहेरी!

ऊब हवीच, त्यात वाद नाही. लव जाऊन पिसं येईपर्यंत पिल्लाला अंगातली उष्णता नीट राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरेनहाइट, म्हणजे 35 अंश सेल्सियस, आणि पुढे दर आठवड्याला 5 अंश फॅरेनहाइट कमी, हा आकडा कुक्कुटपालनाच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण तो बल्बखालचा, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर मोजलेला. अख्खा खोका तेवढा तापवा, असं कुठे लिहिलंय? खुडूक कोंबडी तरी सगळं खुराडं कुठे तापवते? पिल्लं तिच्या पंखाखाली शेकतात, बाहेर येऊन टिपतात, गार वाटलं की पुन्हा आत शिरतात. गच्च झाकलेल्या खोक्यात बाहेर पडायला गारवाच उरत नाही.

पिल्लाला घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकतं, अंगातलं पाणी आटतं, शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळते आणि वाटच बुजते. श्वासातली वाफ आत कोंडते, तूस ओलं होतं, अमोनिया सुटतो. पक्षिगृहात तो 25 पीपीएमच्या आत ठेवायला सांगतात. आपल्याला यंत्राची गरज नाही. पिल्लांच्या उंचीला तोंड नेल्यावर डोळे चुरचुरले तर तूस बदलायची वेळ कधीच टळून गेली आहे. रक्ती हगवणीचे परजीवीही अशा ओलीतच फोफावतात.

टाळायचा तो वाऱ्याचा झोत, हवा नव्हे. पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं दीड फूट उंच गोल कडं करा. गोलच, कारण कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरतात. बल्ब एका बाजूला टांगा, पाणी त्याच्या थेट खाली नको, वर फक्त जाळी. मग थर्मामीटरइतकाच विश्वास पिल्लांवर ठेवा. बल्बखाली ढीग आणि कलकलाट असेल तर गारठलीत. कडेला पळून पंख पसरलेत तर तापलीत; बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर समोरून झोत येतोय. सगळीकडे विखुरलेली असली की समजा जमलं. मान टाकून, पाय ताणून झोपलेलं पिल्लू पहिल्यांदा पाहणाऱ्याला मेलेलंच वाटतं. हलवू नका, ते मजेत आहे.

बाकीचे समज थोडक्यात. बल्ब कुठलाही चालतो? एलईडी चालत नाही; उजेड साठच्या बल्बइतका असला तरी वीज 9 वॅटच खातो, ऊब येणार कुठून? लाल काचेनं ऊब वाढत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड पिल्लांना मारतो आणि तिथे झोपलेल्या माणसालाही. नुसतं गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं तर पाय घसरून फाकतात. तांदळाच्या कणीवर पिल्लू जगेल, पण वाढीला स्टार्टर खाद्यातली वीस टक्क्यांच्या आसपासची प्रथिनं तिच्यात नाहीत. पिल्लू गालाला लावण्याइतकं स्वच्छ दिसतं, पण त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो; पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्लं देऊ नका, असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, सीडीसी, स्पष्ट सांगतं.

आणि हळदीचं पाणी. मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूनं होते. हळदीनं ती थांबत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालायचा. लस बर्फातून आणायची, पातळ केल्यावर लगेच संपवायची आणि उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही.