केनेबेकवरील धरण आणि त्याचा परवाना

वाहते पाणी हे सार्वजनिक धन असून ते अडविण्याचा हक्क कोणाच्याही घरी वंशपरंपरेने नांदू नये, या विचाराने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९२० साली जलविद्युतीचा कायदा केला. आणि त्यान्वये मिळणारा परवाना जास्तीत जास्त ५० वर्षांचा असल्यामुळे, मुदत सरत आली की धरणाच्या धन्याला, मग त्याची वीज कितीही तुटपुंजी असो, नव्याने अर्ज गुदरणे भाग पडते. पाच वर्षे आधी इरादा जाहीर करायचा, दोन वर्षे आधी अर्ज दाखल करायचा, आणि दरम्यान पाणी, मासे, काठची जमीन यांच्या पाहण्यांची बाडे रचायची, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. निकाल लांबलाच, तर वर्षावर्षाचे तात्पुरते परवाने मिळत राहतात. तेव्हा विलंबाचा जाच सर्वस्वी अर्जदारालाच होतो, असे मात्र समजू नये.

मेन संस्थानातील ऑगस्टा या राजधानीच्या गावी केनेबेक नदीवर १८३७ साली बांधलेले एडवर्ड्‌स धरण सुमारे २४ फूट उंच आणि ९१७ फूट लांब होते. त्याच्या पाण्यावर आधी लाकडाच्या गिरण्या व पुढे कापसाची गिरणी चालली, आणि विसाव्या शतकात वीज निघू लागली. तीही अवघी साडेतीन मेगावॅट, म्हणजे संस्थानाच्या गरजेच्या हजारांत एक अंश. या प्राप्तीचे मोल मात्र नदीने फार जबर दिले होते. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालण्यास चढणारे सामन, स्टर्जन, एलवाइफ आणि आपल्या हिलसाच्या कुळातला शॅड, या सर्वांची वाट त्या भिंतीपाशी खुंटली होती.

१९८६ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि परवाना देताना विजेइतकेच मासे, वन्यजीव व लोकांचे विहार यांनाही तोलावे, असे बंधन परवाने देणाऱ्या संघीय आयोगावर आले. एडवर्ड्‌सची मुदत १९९३ साली संपत होती. मच्छीमारीच्या शौकिनांनी व निसर्गरक्षक संस्थांनी १९८९ पासूनच एकजूट करून हरकती नोंदविण्यास आरंभ केला. माशांसाठी पायऱ्यांची वाट बांधून द्यावी, हा नेहमीचा तोडगा येथे लंगडा पडला, कारण स्टर्जनसारखे मासे त्या पायऱ्या चढतच नाहीत, आणि तिचा खर्च तर धरण पाडण्याच्या खर्चाहूनही अधिक भरत होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये आयोगाने अर्ज नामंजूर केला, आणि धरण मालकाने स्वखर्चाने पाडावे, असा हुकूम फर्मावला. चालविण्याची इच्छा असलेल्या मालकाविरुद्ध असा हुकूम त्यापूर्वी कधीच झाला नव्हता.

मालकाने अर्थातच कोर्टकचेरीची तयारी केली. पण मला या प्रकरणात निकालापेक्षाही नंतरची तडजोड अधिक उद्बोधक वाटते. १९९८ च्या करारान्वये धरण मेन संस्थानाकडे सुपूर्द झाले, आणि पाडण्याच्या खर्चाचा भार बाथ गावचा जहाज-कारखाना व नदीच्या वरच्या अंगाच्या धरणांचे मालक यांनी उचलला. १ जुलै १९९९ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अंतर्गत व्यवहार सचिव ब्रूस बॅबिट यांच्या समक्ष भिंतीला खिंडार पाडण्यात आले, आणि वॉटरव्हिलपर्यंतची १७ मैलांची नदी मोकळी झाली. वरच्या मालकांच्या औदार्याला कारणही होते: आपापल्या धरणांवर माशांची वाट बांधण्याचे जे दायित्व त्यांच्या गळ्यात होते, त्यास त्यांना मुदतवाढ मिळाली.