वजाबाकीचे यंत्र

मुंबईत विजेच्या ट्राम धावणार हे ठरले आणि कुलाब्याच्या वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे 1840च्या दशकापासून चालू होत्या. ट्रामसाठी वाहणारा विद्युतप्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करणार आणि त्यात पृथ्वीच्या क्षेत्राची सूक्ष्म हालचाल बुडून जाणार. वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या काळात हे काम खाडीपलीकडे अलिबागला नेण्यात आले. 1904 ते 1906 दोन्हीकडे जोडीने नोंदी घेतल्या गेल्या, म्हणूनच जुनी मालिका नवीला सांधता आली. आज जगातल्या सर्वांत दीर्घ चुंबकीय नोंदींत तिची गणना होते.

गोंगाटापासून दूर जाणे हा झाला एक उपाय. पण रुग्णालय शहरातच असते आणि विमान हादरायचे थांबत नाही. अशा ठिकाणी ग्रॅडिओमीटर कामाला येतो. एकाच जातीचे दोन संवेदक थोड्या अंतरावर ठेवायचे आणि त्यांच्या मापांची वजाबाकी करायची, एवढीच त्यामागची कल्पना. दूरची ट्राम दोघांनाही जवळजवळ सारखीच जाणवते, त्यामुळे ती वजा होते. जवळची वस्तू एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी जाणवते. उरतो तो फरक, आणि तोच हवा असतो.

गुरुत्वाच्या बाबतीत हे सर्वांत आधी साधले ते हंगेरीच्या लोरांड ओट्व्होश यांना, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बारीक तारेला एक आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाचे वजन आणखी खाली लोंबणारे. दोन्ही वजनांवरच्या गुरुत्वाची दिशा किंचित वेगळी असली की तारेला पीळ बसतो. हा पीळ इतका नाजूक की उपकरणाला धातूच्या अनेक पदरी कवचात ठेवावे लागे, आणि दांडी स्थिरावेपर्यंत वाट पाहणे हेच निरीक्षकाचे मुख्य काम असे. ओट्व्होश यांनी 1901 आणि 1903च्या हिवाळ्यात गोठलेल्या बालाटोन सरोवरावर मोजमापे केली. बर्फाचा सपाट पृष्ठभाग, आजूबाजूला टेकडी नाही की खड्डा नाही. तळाखालच्या खडकांचा ठसा तेवढा उमटणार. मोजण्याआधी जागा निवडण्याची ही समज मला त्या उपकरणाइतकीच मोठी वाटते.

आकडे पाहिले म्हणजे ही कामगिरी कळते. जमिनीपासून एक मीटर वर गेले की आपले वजन एक कोटी भागांतले तीन भाग कमी होते. ओट्व्होश यांच्या नावाच्या एककात हा फरक सुमारे 3086 भरतो. भूगर्भशास्त्रज्ञाला मात्र त्यातली काही मोजकी एककेच पाहायची असतात. 1924 मध्ये टेक्सासमधला नॅश येथील मिठाचा घुमट ओट्व्होश यांच्या याच पिळाच्या तराजूने सापडला आणि तेलाचा शोध घेणाऱ्यांत त्याला मागणी आली. पुढे अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांसाठी गुरुत्वाचे फिरते ग्रॅडिओमीटर बनवून घेतले. त्याच तंत्राने 1999 पासून विमानातून खनिजांचा शोध सुरू झाला. विमानाचा धक्का दोन्ही संवेदकांना एकसारखा बसतो, म्हणून तो गळून पडतो. 2009 मध्ये युरोपच्या ‘गोचे’ उपग्रहाने अर्ध्या-अर्ध्या मीटरवर ठेवलेल्या संवेदकांच्या तीन जोड्या अवकाशात नेल्या आणि 2013 पर्यंत गुरुत्वाचा नकाशा काढला. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाने ठरणारी समुद्रपातळी सुमारे 106 मीटर खचलेली आहे. हिंदी महासागरातला तो जुना परिचित खळगा या नकाशात फार स्पष्ट दिसतो.

मेंदूचे मोजमाप याहून अवघड. हजारो चेतापेशी एकदम जाग्या झाल्या की डोक्याबाहेर उमटणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे 40 कोटींव्या भागाएवढे असते. डेव्हिड कोहेन यांनी 1968 मध्ये तांब्याच्या वेटोळ्याने ते पहिल्यांदा टिपले, आणि 1972 मध्ये स्क्विड नावाच्या अतिवाहक संवेदकाने ते कितीतरी स्वच्छ दिसले. स्क्विडला जोडलेल्या तारेचे एक वेटोळे कवटीजवळ आणि दुसरे थोडे वर, उलट्या दिशेने गुंडाळलेले असते. दूरच्या लिफ्टचा आणि रस्त्यावरच्या ट्रकचा परिणाम एकमेकांविरुद्ध जाऊन संपतो. मेंदू मात्र जवळ आहे. त्याचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते, म्हणून खालच्या वेटोळ्यातले पारडे जड राहते. आज प्रचलित असलेल्या एका हेल्मेटमध्ये 306 संवेदक असतात, त्यांपैकी 204 ग्रॅडिओमीटर. ते शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन वेटोळ्यांचे असतात आणि थेट खालच्या भागाचा संकेत सर्वांत ठळक देतात. अपस्माराच्या झटक्याचे मूळ नेमके कुठे आहे हे शस्त्रक्रियेआधी ठरवायचे असते, तेव्हा याचे मोल कळते. साध्या विद्युत आलेखात कवटीच्या हाडामुळे संकेत पसरट होतो; चुंबकीय क्षेत्राला ते हाड फारसे अडवत नाही.

भारतात कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने स्क्विड घरच्या घरी बनवून हृदयाची आणि मेंदूची क्षेत्रे मोजणाऱ्या यंत्रणा उभ्या केल्या. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा यंत्रावर अपस्माराच्या रुग्णांची तपासणी होते. हे तंत्र अधिक शहरांत पोहोचायला हवे असे मला मनापासून वाटते. अडसर आहे तो उणे 269 अंशांच्या द्रवरूप हेलियमचा आणि चुंबकीय कवच असलेल्या महागड्या खोलीचा. खोली अजून लागतेच. हेलियमची गरज मात्र प्रकाशावर चालणाऱ्या नव्या संवेदकांनी संपवली आहे. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 2018 मध्ये ते डोक्यावर घालण्याजोगे करून दाखवले. त्यामुळे स्वस्थ बसू न शकणाऱ्या लहान मुलांची तपासणीही आवाक्यात आली आहे.