बोटीच्या पोटातलं पाणी

बोटीच्या तळाशी, इंजिनाखालच्या सर्वांत खोलगट जागेला बिल्ज म्हणतात. पाणी कुठूनही शिरो, शेवटी तिथंच येऊन साठतं. त्यामुळे नुसतं बिल्जकडे पाहून गळती कळत नाही.

आधी थोडं पाणी ताटलीत घेऊन उन्हात वाळवा. मीठ उरलं तर ते समुद्राचं. नाहीतर पावसाचं किंवा टाकीचं. मग बिल्ज पूर्ण कोरडं करा. पंपाला न ओढता येणारं बोटभर पाणी स्पंजाने टिपा, ओशटपणा पुसा आणि जागोजागी टिश्यू पेपर पसरा. बोट बांधलेली, इंजिन बंद, तरी कागद भिजला तर तळाचे कॉक, नळ्यांच्या क्लिपा आणि सुकाणूचा ग्लँड बघा. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू केल्यावर भिजला तर थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी खेचणारा पंप किंवा एक्झॉस्टची नळी. गिअर टाकल्यावरच भिजला, तर संशय शाफ्टवर.

पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडमध्ये पॅकिंगच्या दोरीच्या कड्या दाबून बसवलेल्या असतात. जुन्या पद्धतीच्या या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत; त्या पाण्यानेच पॅकिंग थंड राहतं. इंजिन बंद झालं की ते जवळपास थांबावेत. धार लागली तर दोन्ही बाजूंचे नट सारखे, थोडे थोडे आवळा. थोडा वेळ चालवून, इंजिन बंद करून ग्लँडला हात लावा. चटका बसत असेल तर जास्त आवळलंय, शाफ्ट झिजेल. आवळूनही धार थांबेना तर पॅकिंग बदला: जुनं सगळं काढायचं, प्रत्येक कडी वेगळी कापायची आणि सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. कोकणात पावसाळी मासेमारीबंदीत बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हाच हे उरकावं. लाकडी बोट मात्र पुन्हा पाण्यात घातल्यावर फळ्या फुगेपर्यंत थोडी झिरपते, त्याने घाबरू नये.

पंपावर फार विसंबू नका. पाण्याखाली फूटभर खोल असलेल्या एक इंची भोकातून मिनिटाला ४० लिटरच्या वर पाणी आत येतं. ताशी १९०० लिटरचा पंप कागदावर मिनिटाला ३२ लिटर टाकतो. पाणी वर चढवताना आणि बॅटरी उतरलेली असताना त्याहून कमी. म्हणून हातपंप आणि बादली बोटीत हवीच. ऑटोमॅटिक पंप तर गळती लपवतो, धक्क्यावर उभ्या बोटीत तो वारंवार चालू होत असेल तर शोध लगेच घ्या. त्याचा फ्लोट हाताने उचलून पाहा, कचरा अडकला तर तो उठत नाही. त्याची वायर फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडा, म्हणजे मेन स्विच बंद असला तरी पंप चालेल. बाहेर सोडणारी नळी पाण्याच्या रेषेच्या बरीच वर काढा, नाहीतर त्याच वाटेने पाणी उलटं आत येईल.

तेल तरंगत असेल तर पंप लावण्याआधी ते शोषक पॅडने टिपून घ्या. ते समुद्रात जाता कामा नये.