पाटी पाळा, पण कारणही मागा

रस्त्यावर नवी पाटी उभी राहिली की आपल्यापैकी अनेक जण ती सरकारी आज्ञा मानून गप्प बसतात. घरासमोरच्या कडेला लाल-पांढरे पट्टे येतात आणि पाय अधू झालेल्या आईला दूरवर ठेवलेल्या गाडीपर्यंत चालवत न्यावे लागते. असे सोसणे हा शहाणपणा नव्हे.

इस्राएलच्या १९६१ च्या वाहतूक नियमांनुसार शहरातील अशा खुणा ठरविण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याकडे असतो. त्याने पोलिसांशी विचारविनिमय करावयाचा असतो. माणसाने घेतलेला निर्णय माणूस बदलू शकतो.

प्रथम नगरपालिकेला लेखी अर्ज द्यावा. ही खूण कोणत्या निर्णयाने, कोणत्या तारखेस व कशासाठी लावली, हे विचारावे. जागेचे छायाचित्र जोडावे, शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. निर्णयाची कागदपत्रे १९९८ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागता येतात. दाद न मिळाल्यास राज्य नियंत्रकाकडे तक्रार करावी. १९७१ पासून नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचे काम त्या पदाकडे आहे, आणि त्यास शुल्क पडत नाही.

मात्र निकाल लागेपर्यंत पाटी पाळलीच पाहिजे. दंड झालाच, तर तो रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत करावा लागतो.

कदाचित उत्तर येईल की, तेथून शाळेची मुले रस्ता ओलांडतात. मग ते आनंदाने मान्य करावे. आपली मागणी न्यायाची आहे, सवलतीची नव्हे.