चूक कोणाची, हे आधी विचारा!

‘सन राइझेस इन ईस्ट.’ इंग्रजीच्या वहीतील या वाक्यावर तांबड्या शाईच्या दोन खुणा होतात, कारण दोन ठिकाणी ‘दि’ राहून गेला आहे. हा केवळ निष्काळजीपणा, की त्यामागे आणखी काही कारण आहे? एका वहीवरून ते ठरविता येत नाही. त्यासाठी पुष्कळ वह्या हव्यात आणि प्रत्येक वही कोणाची, हेही ठाऊक हवे.

असा एक संग्रह बेल्जममधील लूव्हाँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रांजे यांनी १९९० मध्ये सुरू केला. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, अशा विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे निबंध त्यात चुका न सुधारता संगणकात साठविले आहेत. २००२ च्या आवृत्तीत ११ मातृभाषांचे विद्यार्थी होते. २०२० च्या आवृत्तीत मातृभाषा २५ झाल्या आणि शब्द ५५ लाखांवर गेले.

निबंधासोबत लिहिणाऱ्याचे माहितीपत्रकही असते. त्याचे वय, मातृभाषा, घरात बोलली जाणारी भाषा, शाळेत इंग्रजी किती वर्षे शिकला, इंग्रजी बोलणाऱ्या देशात किती काळ राहिला, या गोष्टी त्यात नोंदविलेल्या असतात. हे माहितीपत्रक म्हणजेच आपली चाळणी!

रशियन, पोलिश आणि जपानी भाषांत ‘ए, अॅन, दि’ यांसारखी उपपदे नाहीत; फ्रेंचमध्ये आहेत. प्रथम रशियन विद्यार्थ्यांचे निबंध चाळून घ्यावेत, मग फ्रेंच विद्यार्थ्यांचे. अर्थात, नसलेला शब्द संगणकाला शोधता येत नाही. म्हणून जाणकार निबंध वाचून त्या जागी आधी खूण करून ठेवतात. अशा तुलनेत उपपद गाळण्याची चूक उपपदे नसलेल्या भाषांच्या विद्यार्थ्यांत अधिक आढळते. आपली मराठीही त्याच गटातली. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ यात ‘दि’ला जागाच कोठे आहे?

पण चाळणी जपून वापरावी लागते. समजा, एका गटाच्या ५०,००० शब्दांत २०० उपपदे गळली आणि दुसऱ्याच्या २०,००० शब्दांत १००. चुका कोणाच्या अधिक? दर हजार शब्दांमागे पहिल्याच्या ४, दुसऱ्याच्या ५! शिवाय एक गट वर्षभर इंग्लंडमध्ये राहिलेला असेल, तर फरक मातृभाषेचा की मुक्कामाचा, हे कळणार नाही. म्हणून बाकीच्या गोष्टी दोन्ही गटांत सारख्या हव्यात. मात्र एकावर एक चाळण्या लावीत गेलो, तर शेवटी दोनतीनच निबंध उरतात आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष त्या दोनतीन जणांपुरताच खरा ठरतो.

हा प्रयोग तुमच्या वर्गातही करता येईल. मराठी निबंधांवर नावाऐवजी घरची भाषा आणि मराठी किती वर्षे शिकलो, एवढेच लिहा. मग लिंगाच्या चुका मोजा. हिंदीत लिंगे दोन. गुजरातीत मराठीप्रमाणेच तीन. मग ‘पुस्तक चांगला आहे’ असे कोण अधिक लिहील? आधी अंदाज बांधा, मग मोजून पाहा. चुकीचे कारण सापडले, की नेमके काय शिकवायचे तेही शिक्षकांना कळेल.