चाळिशी : डोळ्यांची आणि मनाची

‘चाळिशी’ या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. चाळिशी म्हणजे वयाचा एक टप्पा आणि चाळिशी म्हणजेच जवळचे वाचण्यासाठी लावावा लागणारा चष्मा. वय आणि वयाची खूण यांना वेगळी नावे देण्याची गरज आपल्या पूर्वजांना वाटली नाही. मी मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत यांतील पहिलाच अर्थ मान्य केला होता, तोही नाइलाजाने.

आमचे कापडाचे दुकान आहे. बिले आज संगणकावर निघतात. तरी रात्री दुकान बंद करण्यापूर्वी दिवसाचा रोजमेळ स्वहस्ते लिहिण्याची वडिलांची रीत मी मोडलेली नाही. गेल्या वर्षी वही किंचित दूर धरावीशी वाटू लागली. दोष मी प्रथम दिव्याला दिला, नंतर छपाईला, आणि अखेर व्यापाऱ्यांच्या बिलांवरील बारीक आकड्यांना. गादीवरचा दिवा दोनदा बदलला. पण डोळे तपासून घेतले नाहीत. एकदा कापडाचा गठ्ठा उचलायला वाकलो, तर दुकानातील नवा मुलगा पुढे होऊन म्हणाला, “काका, तुम्ही राहू द्या.” त्या ‘काका’ने मी दिवसभर अस्वस्थ होतो. कारण माझ्या मनात आजही तोच पंचविशीतला तरुण होता, जो रात्रीच्या गाडीने सुरतेला जाऊन, दिवसभर खरेदी करून, दुसऱ्या सकाळी दुकान उघडायला हजर असे.

हा भ्रम माझ्या एकट्याचा नाही. डेन्मार्कमधील लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आपण खऱ्या वयापेक्षा सरासरी वीस टक्क्यांनी लहान आहोत असे वाटते, असे त्यात आढळले. त्या हिशेबाने पन्नाशीचा गृहस्थ मनाने चाळिशीतच असतो. शरीर मात्र मनाला विचारून चालत नाही. डोळ्यातील नैसर्गिक भिंग बालपणापासूनच हळूहळू आपली लवचिकता गमावत असते. दहाव्या वर्षी सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट दिसते. पंचेचाळिशीच्या सुमारास तीच मर्यादा बरीच दूर सरकते. हा आजार नव्हे, हा क्रम आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या ‘द्रुमपत्रक’ नावाच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमस्वामींना पिकल्या पानाचा दाखला देतात; केस पांढरे होतात, इंद्रियांचे बळ ओसरते, म्हणून क्षणभरही गाफील राहू नये, असे सांगतात. हे अध्ययन मी अनेकदा ऐकले होते. ते आपल्याला उद्देशून आहे, असे मात्र कधी वाटले नव्हते.

श्रावणात एका व्यापाऱ्याच्या खात्याचा मेळ बसेना, म्हणून मागील महिन्यांचा रोजमेळ काढला. पानोपानी पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या. बिलावरील तीनाचा मी आठ वाचला होता, सहाचे शून्य केले होते. आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी शेजारी खरा आकडा लिहून ठेवला होता. अक्षर माझ्या मुलाचे होते.

मी वही मिटून बराच वेळ गादीवर बसून राहिलो. बावीस वर्षांपूर्वी मीही हेच करीत असे. वडिलांची नजर मंदावली होती. त्यांना सांगण्याचे धैर्य मला नव्हते. ते घरी गेल्यावर मी गुपचूप त्यांचे आकडे दुरुस्त करी. एक चूक मात्र माझ्याही नजरेतून सुटली. एका जुन्या ग्राहकाने भरलेली रक्कम दुसऱ्याच्याच खात्यात जमा झाली. आम्ही त्यांच्याकडे तगादा केला. त्यांनी शांतपणे ती रक्कम पुन्हा भरली आणि आमची पायरी चढणे सोडले. वर्षअखेरीस चूक सापडली. पैसे परत केले, क्षमाही मागितली. पण ते पुन्हा आले नाहीत. वहीतला आकडा चुकतो, तेव्हा तो कोणाच्या तरी कष्टाचा पैसा असतो. आपल्या हट्टाची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे व्यापाराच्या नीतीत बसत नाही आणि धर्माच्याही.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर मुलगा पाया पडायला वाकला. त्याच्याआधी मीच म्हणालो, “वहीतल्या खुणा मी पाहिल्या. माझ्या हट्टामुळे तुला लपून काम करावे लागले. मिच्छामि दुक्कडं.” तो गडबडला. म्हणाला, “पप्पा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.” मी त्याला त्याच्या आजोबांच्या वहीची आणि त्या ग्राहकाची हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत ती मी घरात कोणालाच सांगितली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी डोळे तपासले. दीडचा नंबर निघाला. डॉक्टरांनी डोळ्यांतील दाब आणि पडदाही पाहिला. काचबिंदू बहुधा न दुखता, न कळता दृष्टी नेतो. म्हणून चाळिशीनंतर ही तपासणी नियमित करावी, असे त्यांनी बजावले. घरी रक्तदाब आणि साखरही तपासून घेतली. आता रोजमेळ मुलगा लिहितो आणि मी चष्मा लावून ताडून पाहतो. गठ्ठे तरुण मुले उचलतात. सुरतेला मात्र मी अजून जातो. आता मुलाला बरोबर नेतो आणि मुक्काम करून परततो.

मनाने तरुण असणे ही मोठी पुंजी आहे. ती कोणी सोडू नये. पण जवळची शिल्लक न मोजता उधळपट्टी करणाऱ्याला आपण शहाणा व्यापारी म्हणत नाही. दिवाळीला नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी आपण सारे जुन्या वर्षाचा हिशेब पुरा करतो. त्याच आठवड्यात घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे डोळे तपासून घ्यावेत. आणि घरातील मुलांनीही, पेन्सिलीने खुणा करण्याऐवजी, वडिलांजवळ बसून प्रेमाने बोलावे. ते मला माझ्या वडिलांच्या बाबतीत जमले नव्हते.